तंबोरा मागे बसेपर्यंत

मावसभाऊ कायमचा लंडनला जायला निघाला तेव्हा त्याचे स्पीकर मला देऊन गेला, अर्ध्या किमतीत का होईना पण दिले. केईएफचे एलएस५०, कंपनीच्या पन्नाशीनिमित्त २०१२ मध्ये काढलेलं मॉडेल. काळा चकचकीत डबा आणि मधोमध तांब्याच्या रंगाचा कोन, त्या कोनाच्या पोटातच ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, बसवलेला, म्हणजे वरचे आणि खालचे सूर एकाच जागेवरून निघतात. उंची फूटभर, वजन मात्र एकेकाचं सात किलो. ते घरी आले मे महिन्यात, आणि मग मे ते चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, एवढा काळ मी त्यांच्यासाठी अँप्लिफायर आणि सीडी प्लेअर शोधण्यात घालवला, तीच सगळी हकीकत इथे लिहितेय.

आमचं घर गोव्यात, म्हार्दोळच्या बाजूला. बाबांनी चाळीस वर्षं देवळांतून, संगीत नाटकांतून हार्मोनियमची साथ केली. घरात सव्वातीनशे सीडी आहेत, ख्याल, नाट्यसंगीत, अभंग, आणि त्यातल्या साठेक घरीच कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या, वर मार्करनं बाबांच्या अक्षरात राग आणि तारीख. आत्तापर्यंत हे सगळं आम्ही एका जुन्या होम थिएटर रिसीव्हरवर आणि डीव्हीडी प्लेअरवर ऐकत होतो. त्यालाच नवे स्पीकर जोडले आणि भूप लावला. बाबा पाच मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "बाय, तंबोरा कानात टोचता गो. तंबोरा मागे बसाक जाय."

मला ते लगेच पटलं. कारण एका बाजूनं ऐकू येत होतं ते थक्क करणारं होतं. साथीच्या हार्मोनियमचा भाता ओढताना होणारा हवेचा आवाज, डग्ग्यावर मनगट घासून मींड काढतात ती घसट, गाणारीनं तान घ्यायच्या आधी ओढलेला श्वास, हे सगळं त्याच सीडीवर वीस वर्षं होतं आणि आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. पण तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणझणती गुंज, जी गाण्याच्या मागे धुक्यासारखी पसरायला हवी, ती पुढे येऊन तारेसारखी खुपत होती आणि वीसेक मिनिटांनी कान दमत होते. बारकावे दाखवणारे स्पीकर म्हणजे हेच, ते काही लपवत नाहीत, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

पहिल्यांदा पणजीत एका शोरूममध्ये गेले. तिथल्या माणसानं ऐकून घेतलं आणि ठाम सांगितलं की हे स्पीकर ब्राइट आहेत मॅडम, वरचे सूर जास्त पुढे येतात, ह्यांना वॉर्म अँप लावा, गोडवा येईल, आणि सोबत ही केबल घ्या. केबलची किंमत ऐकून मी ती बाजूला ठेवली पण वॉर्म अँपची गोष्ट डोक्यात बसली, कारण तंबोरा टोचतोय तर तो मऊ करणारं काहीतरी हवं हे ऐकायला बरोबरच वाटतं. ओळखीच्या एकांकडे व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांचा, अँप होता, चॅनलमागे बारा वॅटचा, तो त्यांनी पंधरा दिवस वापरायला दिला.

आणि पहिले दोन दिवस मी खरंच खूश होते. हळू आवाजात, रात्री, बाईच्या गळ्याला एक साय आल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या दिवशी द्रुत लावलं, आवाज थोडा वाढवला आणि डग्गा फुटायला लागला, म्हणजे धा ची थाप ओल्या पोत्यावर पडावी तशी, आणि समेवर सगळंच एकमेकात मिसळायचं. शिवाय प्रत्येक सीडीवर तोच गोडवा, जितेंद्र अभिषेकींच्या आवाजावर तोच आणि मंगेशीच्या पालखीच्या भजनावरही तोच. बाबा म्हणाले साखर सगळ्यात घातली की चव कळत नाही.

असं का होतं ते मी नंतर बसून समजून घेतलं. स्पीकरवर आठ ओहम लिहिलेलं असतं पण तो आकडा नुसता नावाचा. सूर बदलला की इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा विरोध, बदलतो, एलएस५० चा एका ठिकाणी तीन ओहमच्या जवळ खाली येतो आणि दुसरीकडे कितीतरी वर जातो. जिथे तो खाली जातो तिथे अँपला जास्त करंट द्यावा लागतो. शिवाय व्हॉल्व्हच्या बऱ्याच अँपचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असतो, त्यामुळे स्पीकरचा इम्पीडन्स जसा वरखाली होईल तसा आवाजही काही सुरांवर वाढतो काही सुरांवर कमी होतो. म्हणजे मला जो गोडवा वाटत होता तो निदान काही प्रमाणात सुरांची उंचसखल झालेली होती. व्हॉल्व्हवर माझा राग नाही, ज्या स्पीकरला थोड्या वॅटमध्ये भरपूर आवाज येतो त्याला तो अँप सुंदर वाजेल, ही जोडी मात्र चुकीची होती.

मग आधी हिशेब केला, जो खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवा. एलएस५० ची सेन्सिटिव्हिटी ८५ डेसिबल, म्हणजे साधारण एक वॅट दिला तर एक मीटरवर ८५. आम्ही बसतो तीन मीटरवर, तिथे नऊ-साडेनऊ डेसिबल कमी होतात, दोन स्पीकर आहेत म्हणून तीनेक परत मिळतात, म्हणजे आमच्या खुर्चीवर एका वॅटला ७८-७९. आता आम्ही ऐकतो ७५ च्या आसपास, म्हणजे बहुतेक वेळ एक वॅटसुद्धा लागत नाही! पण चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये तबल्याची एखादी थाप त्याच्या वीस डेसिबल वर उडते, म्हणजे ९५, आणि दर तीन डेसिबलला वॅट दुप्पट लागतात, तर १६-१७ डेसिबलसाठी चाळीस ते पन्नास वॅट. ते क्षणभरच लागतात पण त्या क्षणी नसले तर थाप फुटते. बारा वॅटमध्ये काय झालं ते ह्या हिशेबात दिसतं. खोलीच्या भिंती थोडा आवाज परत देतात हे धरलं तरी हातात राखीव पाहिजे, म्हणून मी ठरवलं की आठ ओहमला साठच्या वर आणि चार ओहमला त्याच्या दीडपट तरी देणारा अँप बघायचा. ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे, नुसते वॅट बघू नका, चार ओहमला किती वाढतात ते बघा, त्यावरून अँपचा पॉवर सप्लाय किती दमदार आहे ते कळतं.

जूनमध्ये कामासाठी मुंबईला जायचं होतं, कोकणकन्येनं गेले आणि तिथे एका डीलरकडे अपॉइंटमेंट घेऊन तीन अँप ऐकले. मरँट्झचा पीएम६००७, ४५ वॅट. रेगाचा ब्रिओ, ५० वॅट. केंब्रिज ऑडिओचा सीएक्सए८१, आठ ओहमला ८० आणि चार ओहमला १२० वॅट. सीडी मी घरूनच नेल्या होत्या, हे आवर्जून करा, दुकानातली डेमोची गाणी सगळ्याच अँपवर छान वाजतात. आणि तिथे तिन्ही अँप सुरेख वाजले. तंबोरा कुठेच टोचला नाही. स्पीकर एलएस५० च, सीडी तीच, मग घरी टोचत होतं ते काय?

परतीच्या गाडीत, रत्नागिरी गेल्यावर झोप येईना, तेव्हा मला ते सुचलं. त्या डीलरच्या खोलीत खाली जाड गालिचा होता, भिंतींवर कापडाचे पॅनल, मागे पुस्तकांचं कपाट. आमची खोली म्हणजे चिऱ्याच्या भिंती वर गुळगुळीत गिलावा, खाली सिमेंटच्या नक्षीच्या फरशा, एक लाकडी बाक आणि दोन खुर्च्या. घरी आल्यावर मधोमध उभी राहून टाळी वाजवली. टाळीच्या मागून झर्रर्र असा पत्र्यासारखा आवाज आला, दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये तो ये-जा करत होता. जन्मापासून ह्या खोलीत आहे पण कधी लक्ष दिलं नव्हतं.

बाबांकडे भजनाच्या बैठकीची दोन जाड जाजमं होती ती पडवीतून आणून स्पीकर आणि खुर्चीच्या मधे अंथरली. मग भाच्याला आरसा घेऊन भिंतीला लागून सरकवत न्यायला सांगितलं आणि मी खुर्चीत बसले, ज्या जागी आरशात स्पीकर दिसतो तिथूनच त्याचा आवाज भिंतीवर आपटून कानाशी येतो. दोन्ही बाजूंना त्या जागी आईच्या हातच्या गोधड्या टांगल्या. एक गोधडी जुन्या नऊवाऱ्यांची, आतले थर इतके की सुई जाताना आईचं बोट सोलायचं, ती दुपदरी करून भिंतीपासून चार बोटं सोडून लटकवली, कारण अंतर असलं की ती जास्त शोषते. स्पीकर भिंतीपासून अडीच फूट पुढे घेतले. ह्या स्पीकरला मागून पोर्ट, म्हणजे हवेसाठी भोक, आहे, भिंतीला चिकटवले की खालचे सूर फुगतात, त्यासाठी कंपनी फोमचे बूचही देते पण पुढे घेतल्यावर ते लागले नाहीत.

मग तोच जुना रिसीव्हर, तोच भूप. बाबा आतून आले, दारातच थांबले. "कितें केलें?" म्हणाले. तंबोरा पूर्ण मागे गेला नव्हता पण अर्धी वाट गेला होता, आणि ह्या सगळ्यात एक रुपयाही खर्च झाला नव्हता. मला मनापासून वाटतं की बारीक दाखवणारे स्पीकर ज्यांच्याकडे आहेत त्यांनी अँपच्या दुकानाची पायरी चढायच्या आधी हे करावं. आमच्याकडची घरं बघा ना, चिरा, फरशी, उघड्या खिडक्या, कमी सामान, हवेसाठी ती किती छान पण आवाजाला कठीण.

आता अँप. पणजीच्या एका दुसऱ्या विक्रेत्यानं डिपॉझिट घेऊन सीएक्सए८१ आणि ब्रिओ दोन्ही तीन दिवस घरी दिले, त्याचे उपकार आहेत. इथे एक गोष्ट शिकले ती सगळ्यांना सांगते. दोन अँपची तुलना करताना दोघांचा आवाज नेमका सारखा पाहिजे, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला जास्त चांगला वाटतो, अर्ध्या डेसिबलनंही फसायला होतं आणि मोठा आहे म्हणून कळतही नाही. मी भाच्याकडून एका सीडीवर ६० हर्ट्झचा सलग सूर रेकॉर्ड करून घेतला, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसीवर लावला आणि दोन्ही अँपवर मीटर दोन व्होल्ट दाखवेल अशी व्हॉल्यूमची जागा शोधून चिकटपट्टी लावली. सूर खालचा घेतला कारण स्वस्त मल्टिमीटर ५० हर्ट्झच्या लाइटसाठी बनवलेला असतो, वरच्या सुरांना तो खरा आकडा दाखवेलच असं नाही.

हे करताना स्पीकरच्या जुन्या वायरची टोकं हिरवी पडलेली दिसली. वरचं प्लास्टिक सोललं तर आत दोन इंचांपर्यंत तांब्याच्या बारीक तारा हिरवट काळ्या, बोटानं चोळल्या की भुकटी. ही आपली हवा, दमट आणि खारी. इलेक्ट्रिकच्या दुकानातून अडीच स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर आठ मीटर आणली, टोकांना बनाना प्लग घट्ट कसले. चांगल्या जाडीची तांब्याची वायर आणि स्वच्छ टोकं एवढंच लागतं, हे मी खात्रीनं सांगते.

भाचा मागे बसून वायर बदलायचा आणि मला सांगायचा नाही कुठला अँप चालू आहे. बाबा आणि मी कागदावर लिहायचो. हळू आवाजात, विलंबित ख्यालाला, आम्हा दोघांनाही फरक सांगता आला नाही, खरंच नाही. पण तबला सोलो लावला, आवाज मैफलीइतका केला, की दोन अँपमधला एक आम्हाला दर वेळी कळायचा, थाप पडल्यावर तबला जिथल्या तिथे राहायचा, आवाज मोठा होऊनही ओरडायचा नाही, आणि तो सीएक्सए८१ निघाला. ब्रिओबद्दल मला एक शब्द वाईट बोलायचा नाही, छोट्या खोलीत किंवा ज्या स्पीकरला कमी पॉवर पुरते त्याला मी तोच घेतला असता, पण आमचं अंतर तीन मीटर, स्पीकर ८५ चे, हिशेबानं जे सांगितलं तेच कानानं सांगितलं. मला वॉर्म नको होता, न्यूट्रल, म्हणजे स्वतःचा काही रंग न घालणारा, नको होता, मला स्पीकर घट्ट धरून ठेवणारा पाहिजे होता. गोडवा सीडीत असेल तर येईल.

सीडी प्लेअरचं मात्र वेगळंच झालं. मी समजत होते की अँपइतकाच फरक इथेही पडेल. सीएक्सए८१ च्या आतच डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाज करणारा भाग, आहे, म्हणून एक पर्याय असा की केंब्रिजचीच सीएक्ससी घ्यायची, ती फक्त ट्रान्सपोर्ट आहे, म्हणजे सीडीवरचे आकडे वाचून डिजिटल केबलनं अँपला देते, त्याचा आवाज अँप करतो. दुसरा पर्याय मरँट्झचा सीडी६००७, त्यात स्वतःचा डॅक आणि साधा लाल-पांढऱ्या पिनचा आउटपुट. एका ओळखीच्यांकडे सीएक्ससी होती, विक्रेत्याकडून सीडी६००७ आणला, आवाज पुन्हा मीटरवर जुळवला, भाचा पुन्हा मागे. दोन संध्याकाळी वीसेक वेळा ऐकलं. बाबांचे नऊ बरोबर, माझे अकरा, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. सीडीचा फॉरमॅट १९८२ पासून तोच आहे, १६ बिट, सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, आणि एवढं नीट वाचून नीट आवाजात बदलणं आजच्या कुठल्याही चांगल्या प्लेअरला जमतं. लोक ह्यावर खूप वाद घालतात, मी माझ्या खोलीत माझ्या कानांनी काय झालं ते सांगतेय.

मग निवड दुसऱ्याच गोष्टींवर केली. बाबांच्या साठ घरगुती सीडी. विकतच्या सीडीवर छापलेले खड्डे असतात, घरी रेकॉर्ड केलेल्या सीडीत रंगाचा थर असतो, तो वर्षांनुवर्षं दमट हवेत आणि उजेडात खराब होतो आणि मग सगळेच प्लेअर ती वाचत नाहीत. मी त्यातल्या सगळ्यात वाईट बारा सीडी काढून दोन्ही यंत्रांत घातल्या, सीडी६००७ नं अकरा वाचल्या, एक १९९९ ची कुठेच वाचली गेली नाही. चरे पडलेल्या सीडींची काळजी कमी करा, ट्रॅकवर साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचा तुटलेला भाग प्लेअर स्वतः पूर्ण भरून काढतो, फक्त पुसताना मऊ कापडानं मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नको. आणि दुसरं म्हणजे सीडी६००७ ला पुढे हेडफोनचं भोक आहे आणि त्याला वेगळा व्हॉल्यूम. बाबांना आता उजव्या कानानं कमी येतं, रात्री अकरानंतर त्यांना झोप लागत नाही, आणि घरात बाकीचे झोपलेले असतात. ह्या एका गोष्टीसाठी मी तो घेतला आणि ह्याहून मोठं कारण मला नको होतं.

पैशांचं सांगायचं तर स्पीकर सोडून मी सव्वा लाख ठेवले होते, थोडे वर गेले, व्होल्टेज स्टॅबिलायझरमुळे. आमच्याकडे जून-जुलैत लाइट जाते आणि येते तेव्हा झटका देऊन येते, तो खर्च टाळू नका. गडगडाट सुरू झाला की मी प्लग काढूनच ठेवते. सीडींच्या कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवल्यात, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर गरम करायचे, पुन्हा निळे होतात, तो तवा मात्र स्वयंपाकाला वापरायचा नाही. अँपच्या वर काही ठेवू नये, आमच्याकडे चवथीच्या वेळी पाहुण्यांनी ताट ठेवलेलं मी दोनदा उचललं.

चवथीला सगळे जमले होते, माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधून झाली होती, दुपारी जेवणं झाल्यावर बाबांनी स्वतः एक सीडी काढली, १९९६, वर लिहिलेलं मारवा आणि फोंड्याच्या एका देवळाचं नाव. गाणारे आमच्या ओळखीचे, साथीला हार्मोनियमवर बाबा. रेकॉर्डिंग कॅसेटवरचं, टेपची खरखर भरपूर, ती कुठलाच अँप घालवू शकत नाही आणि घालवूही नये. पण खरखरीच्या मागे मंडप ऐकू येत होता, पंखा, बाहेर कुणीतरी पळत गेलेलं पोर. तंबोरे दोन होते, एक डावीकडे थोडा लांब आणि एक उजवीकडे, गाणाऱ्याच्या बरोबर मागे. मध्येच कुणीतरी हळू खोकलं. बाबांनी हात वर केला, मला म्हणाले थांब, मागे घे. पुन्हा लावलं. खोकले होते ते तबला वाजवणारे, बाबांचे मित्र, त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. बाबांनी तो खोकला तीनदा ऐकला आणि मग म्हणाले आता पुढे जाऊंदे, मारवा बिघडता.